नव्या ट्रकचे पहिले ऑईल: किलोमीटर पाहावेत की तास?

गेल्या वर्षी दसऱ्याला आमच्या दारात नवा सहाचाकी ट्रक उभा राहिला. पूजा आटोपून पेढे वाटून झाल्यावर मी सर्वांत आधी गाडीची पुस्तिका उघडली आणि इंजिन ऑईल बदलण्याचे पान शोधले. वडिलांच्या काळात हे पान फारसे कोणी वाचत नसे, कारण नव्या गाडीचे पहिले ऑईल दोन-चार फेऱ्यांत, फार तर महिन्याभरात काढून टाकायचे, हे प्रत्येक मालकाला पाठ असे. आज त्याच पानावर ४०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असे छापलेले दिसते आणि काही अवजड ट्रकांच्या बाबतीत तर हा आकडा लाखाच्या घरात गेलेला आहे. त्यामुळे नवी गाडी घेणारा माणूस दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडतो. गावातले मिस्त्री बजावतात की हजार-दोन हजारांत ऑईल काढले नाही तर इंजिनाचे आयुष्य घटेल, आणि गाडी विकणारे सांगतात की चाळीस हजारांपर्यंत झाकणाला हातही लावण्याचे कारण नाही. मी पहिले ऑईल ११,२०० किलोमीटरला बदलले. हा आकडा कोठून आला आणि ते काम आम्ही कसे केले, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण पिंपळगाव-लासलगाव पट्ट्यात एका-दोन गाड्यांवर घर चालवणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडलेला मी पाहिला आहे.

आधी जुन्या सल्ल्याकडे पाहू, कारण तो निराधार नव्हता. इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडलेल्या असतात. या रेघांत ऑईल धरून राहते, आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या दिवसांत रेघांच्या उंच कडांवर घासून भिंतीशी आपली बैठक जमवतात. ही बैठक नीट जमली तर दाब टिकतो, ऑईल जळत नाही आणि गाडी पुढची कित्येक वर्षे ताकदीने ओढते. मात्र बैठक जमताना जे घासले जाते ते कोठेतरी जाणारच, आणि ते ऑईलमध्येच जाते. त्याखेरीज ओतकामाच्या वेळी राहून गेलेले वाळूचे कण, यंत्रावर कापकाम करताना उडालेली धातूची चुरी, जोडांना लावलेल्या सिलिकॉनच्या लेपाचे सुटलेले कण, असा सगळा ऐवज नव्या इंजिनात थोड्याफार प्रमाणात असतोच. फिल्टर त्यातले मोठे कण अडवतो, पण अतिसूक्ष्म कण ऑईलबरोबर फिरतच राहतात. पूर्वीच्या इंजिनांत हा ऐवज बराच जास्त असे, म्हणून पहिले ऑईल लवकर काढणे हा शहाणपणाच होता.

पुढे बदलले ते दोन ठिकाणी. एक म्हणजे इंजिन घडवण्याची पद्धत सुधारली. आता सिलिंडरच्या रेघांच्या टोकदार कडा कारखान्यातच सपाट करून घेतात, त्यामुळे रिंगांना जमवून घेण्यासाठी फार घासावे लागत नाही, आणि जुळणीपूर्वी सुटे भाग धुण्याची व्यवस्थाही पूर्वीपेक्षा कडक झाली आहे. दुसरे म्हणजे डिझेल बदलले. वाहनांच्या धुरासाठीच्या बीएस-४ या जुन्या मानकाच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग इतकी होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती १० वर आली. गंधक जळाल्यावर आम्ल तयार होते आणि ते मारण्यातच ऑईलची बरीच शक्ती खर्ची पडते. गंधक घटल्यामुळे ऑईल जास्त काळ टिकू लागले. त्यामुळे पुस्तिकेतला मोठा आकडा ही नुसती जाहिरात आहे, असे मला वाटत नाही. हजार किलोमीटरला घाईने ऑईल ओतून देण्यात आता फारसा लाभही नाही, कारण काही कंपन्या पहिल्या भरणीचे ऑईल सुरुवातीच्या घासाघाशीचा विचार करूनच निवडतात आणि त्या काळात ते आत असणेच योग्य असते.

मग ४०,००० पर्यंत का थांबू नये? याचे उत्तर त्याच पुस्तिकेत, दोन पाने पुढे, बारीक अक्षरांत होते. तेथे जड कामाचा वेगळा तक्ता दिलेला आहे. सतत पूर्ण भार, घाट, धूळ, वारंवार थांबणे आणि उभ्या गाडीचे इंजिन तासन् तास चालू राहणे, अशा कामासाठी माझ्या गाडीला २०,००० किलोमीटर किंवा ५०० तास, यांपैकी जे आधी भरेल ते, असे सांगितले आहे. विक्री केंद्रात मला हे पान कोणी दाखवले नव्हते. आपल्याकडे बहुतेक मालक आपले काम साधेच समजतात, कारण रोज तेच केल्यामुळे ते जड वाटेनासे होते. आमच्या गाडीचा दिवस कसा जातो ते पाहा. पहाटे बाजार समितीच्या आवारात रांग लागते आणि गाडी दर दहा मिनिटांनी दहा फूट पुढे सरकते. माल भरून झाल्यावर मुंबई-आग्रा महामार्गाने निघून कसारा घाट उतरायचा. माल निर्यातीचा असेल तर उरणच्या बाजूला न्हावाशेवा बंदराबाहेर पुन्हा रांग असते, आणि कधीकधी ती रात्रभर हलत नाही. परतीचा माल मिळाला तर तोच घाट पूर्ण भाराने, खालच्या गिअरमध्ये, इंजिन तापवत चढायचा. या सगळ्यात चाके फिरत नसतानाही इंजिन चालूच असते, आणि किलोमीटरच्या आकड्यात त्याचा मागमूसही उमटत नाही.

इंजिन किती तास चालले याची नोंद गाडी स्वतः ठेवत असते. समोरच्या पटलावर बटण दाबत गेले की किलोमीटरच्या पुढच्या एखाद्या पानावर तो आकडा दिसतो, पण आमच्या चालकानेही तो तोवर कधी पाहिला नव्हता. पौषात एकदा सहज पाहिला तेव्हा हिशेब लक्षात आला की आमची गाडी सरासरी तासाला फक्त २३ किलोमीटर पडते. महामार्गावर सलग धावणारी गाडी ताशी ४५ ची सरासरी राखत असेल, तर ४०,००० किलोमीटर पुरे करायला तिला साधारण ८९० तास लागतील. आमच्या गाडीला त्याच अंतरासाठी १,७०० तासांहून अधिक लागले असते. मीटर दोन्ही गाड्यांना एकच आकडा दाखवील, पण एका इंजिनाचे ऑईल दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट शिजलेले असेल. म्हणून मी किलोमीटर बाजूला ठेवले आणि ५०० तासांची मर्यादा धरली. ४८६ तास भरले त्या दिवशी मीटरवर ११,२०० किलोमीटर होते. माझा आकडा असा ठरला, आणि तो माझ्या कामापुरता आहे. नाशिकहून नागपूरला सलग धावणाऱ्या मालकाने तो उचलू नये; आपल्या गाडीचे तास आणि किलोमीटर यांचा भागाकार करून आपला आकडा काढावा.

बीएस-६ गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. धुरातली काजळी अडवण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात जो फिल्टर असतो, त्याला आपण सगळे डीपीएफ म्हणतो. त्यात साठलेली काजळी अधूनमधून तापवून जाळली जाते. काही इंजिनांत ही उष्णता मिळवण्यासाठी सिलिंडरमध्येच थोडे जास्तीचे डिझेल सोडतात, आणि त्यातला काही अंश भिंतीवरून ओघळत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतो. गाडी रांगेत उभी असताना किंवा तुकड्यातुकड्याने चालताना ही जाळण्याची क्रिया अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी ऑईलमध्ये डिझेलचा शिरकाव होतो. ऑईल पातळ होते, आणि ऑईलची पातळी मोजायच्या पट्टीवर पाहिले तर कमी होण्याऐवजी उलट वाढलेले दिसते. ऑईल वाढलेले पाहून आनंद मानणारे चालक मला भेटले आहेत. पट्टीवर पातळी वर चढत असेल तर पट्टीचे टोक नाकाशी धरून वास घ्यावा, आणि डिझेलचा वास आला तर किलोमीटर कितीही झालेले असोत, गाडी कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवून ऑईल बदलून घ्यावे.

या डीपीएफमुळेच ऑईलची निवडही पूर्वीसारखी सैल राहिलेली नाही. काजळी जळून जाते, पण ऑईलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांच्या क्षारांची राख जळत नाही; ती त्या फिल्टरच्या जाळीत कायमची बसते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑईल लागते. माझ्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४०, दर्जा सीके-४ असे लिहिले आहे. डब्यावर १५डब्ल्यू-४० हे आकडे जुळले की काम झाले असे पुष्कळ दुकानदार सांगतात, परंतु ते आकडे केवळ दाटपणा सांगतात. जुन्या गाडीसाठीचे सीआय-४ प्लस ऑईलही १५डब्ल्यू-४० असू शकते, आणि ते नव्या गाडीत ओतले तर इंजिन चालेल, पण डीपीएफचे आयुष्य कमी होईल. डब्याच्या मागच्या बाजूची दर्जाची ओळ चष्मा लावून वाचावी. सुटे ऑईल, ते कितीही ओळखीच्या पिंपातले असले तरी, नव्या गाडीत घालू नये. मी डबे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद आणि पक्क्या बिलासह घेतले.

हमीच्या काळात ऑईल बदल अधिकृत केंद्रात करणेच सोयीचे असते. आमचे जवळचे केंद्र लांब पडते आणि तेथे गाडी दिवसभर अडकते. म्हणून मी केंद्रप्रमुखांना आधी विचारले. विहित दर्जाचे ऑईल आणि कंपनीचाच फिल्टर वापरून, बिले जपून, पुस्तिकेत नोंद करून हा मधला बदल बाहेर केला तर चालेल, असे त्यांनी लेखी दिले. तोंडी होकारावर हे काम करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे हमीचा दावा करण्याची वेळ आली तर तोंडी शब्द कोणाच्याही कामी येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ऑईल गरम असताना काढावे, कारण गरम ऑईल पातळ होऊन वेगाने वाहते आणि तळाशी बसू पाहणारा गाळ आपल्याबरोबर घेऊन बाहेर पडते. आम्ही गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली, खळ्यावरच्या सपाट कोब्यावर उभी केली, हँडब्रेक लावला, चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि किल्ली काढून मी ती माझ्या खिशात ठेवली. खाली माणूस असताना किल्ली गाडीत राहू नये, हा वडिलांनी लावलेला नियम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही. दहा मिनिटे थांबून मिस्त्रींनी आधी वरचे भरण्याचे झाकण सैल केले, म्हणजे आत हवा शिरून ऑईलची धार अडखळत नाही. मग खाली चेंबरच्या नटाभोवतीची माती कपड्याने स्वच्छ पुसली. आमच्या गाडीत फिल्टरसह सुमारे १३ लिटर ऑईल बसते, म्हणून खाली २० लिटरचा पसरट टब घेतला होता. दहा लिटरची घमेली ठेवून मध्येच बदलण्याची कसरत केली की निम्मे ऑईल जमिनीत जाते.

नट सोडवायला रिंग पानाच वापरावा. उघड्या तोंडाचा पाना किंवा पाइप पाना लावला की कडा झिजतात आणि पुढच्या वेळी तो नट छिन्नीने फोडायची पाळी येते. नट सैल झाल्यावर शेवटचे चार-पाच आटे हाताने, नट आत दाबून धरत फिरवावेत आणि सुटला की हात झटकन बाजूला घ्यावा. धार आधी सरळ खाली पडत नाही, एक-दीड फूट पुढे उडते; टब त्या अंदाजाने सरकवून ठेवावा. मिस्त्रींनी कोपरापर्यंत बाह्या ओढल्या होत्या आणि हातमोजे घातले होते. गरम ऑईलने भाजते, हे सर्वांना ठाऊक असते. पण वापरलेले ऑईल पुन्हा पुन्हा कातडीला लागणे आरोग्याला घातक असते, हे आमच्याकडच्या गॅरेजांत अजून फारसे मनावर घेत नाहीत.

धार निम्मी पडून झाली तेव्हा मी एका स्वच्छ कोरड्या बाटलीत नमुना धरून घेतला. नमुना अगदी सुरुवातीचा किंवा शेवटचा घेऊ नये. मधल्या धारेचा घ्यावा, कारण तोच सबंध ऑईलचा खरा प्रतिनिधी असतो. टबातले ऑईल काळेकुट्ट होते. ते पाहून माझ्या धाकट्या भावाचा चेहरा पडला. त्याला मिस्त्रींनी दोन वाक्यांत समजावले: “डिझेलचं ऑईल चार दिवसांत काळं होतंच. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, काळं झालं म्हणजे वाया गेलं असं नाही.” खरी परीक्षा रंगाची नसतेच. आम्ही दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून उन्हात धरले, तेव्हा काळ्या डागात अतिशय बारीक चमक दिसली, कांद्याच्या पातीवर दव असावे इतकी बारीक. बोटांमध्ये चोळल्यावर मात्र काहीही खरखरले नाही. नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑईलमध्ये एवढी चमक अपेक्षितच असते. दुधी रंग दिसला असता तर पाणी शिरल्याची शंका घ्यावी लागली असती, आणि खरखर जाणवली असती तर आम्ही नवे ऑईल ओतण्यापूर्वीच केंद्राला फोन केला असता.

माझ्या गाडीच्या चेंबरच्या नटाला टोकाशी छोटे चुंबक बसवलेले आहे. सर्वच गाड्यांना ते नसते. त्या चुंबकावर राखाडी लेप जमला होता, दंतमंजन पाण्यात कालवावे तसा मऊ आणि साधारण तूरडाळीच्या दाण्याएवढ्या जाडीचा. मिस्त्रींनी तो अंगठ्याने पुसून कागदावर पसरला आणि आम्ही तिघे त्यावर वाकलो. मऊ लेप ही रिंगा जमल्याची खूण आहे. त्यात सुईसारखे तुकडे, पापुद्रे किंवा कोपरे असलेले कण सापडले तर एखादा भाग तुटत आहे असे समजावे. आमच्या लेपात तसे काही नव्हते. तो कागद मी घडी करून गाडीच्या फाइलला लावून ठेवला आहे. पहिले ऑईल बदलताना मालकाने स्वतः हजर राहावे असे मला वाटते ते यासाठीच. बंद इंजिनाच्या आत पहिल्या काही महिन्यांत काय घडले, हे पाहण्याची ही एकमेव सोपी संधी असते, आणि टब मोरीत उपडा झाला की ती संपते.

ऑईल पूर्ण निथळायला अर्धा तास दिला. त्या वेळात फिल्टर काढला, आणि येथे मला जुन्या गाडीवर घडलेला प्रसंग सांगितलाच पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये आमचा फिल्टर बदलून घेतला होता. रात्री मुंबईकडे निघालो आणि घोटीच्या टोलनाक्याच्या थोडे अलीकडे ऑईलच्या दाबाचा लाल दिवा लागला. चालकाने त्याच क्षणी इंजिन बंद केले म्हणून इंजिन वाचले. खाली उतरून विजेरीच्या उजेडात पाहिले तर फिल्टरच्या कडेतून ऑईल वाहून चेसिसपासून मागच्या चाकांपर्यंत सगळे माखले होते. जुन्या फिल्टरचे रबरी कडे निघालेच नव्हते. ते इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहिले होते आणि त्याच्यावरच नव्या फिल्टरचे कडे बसवले गेले होते. दोन कडी एकावर एक बसली की थंड असताना गळती दिसत नाही, पण दाब चढला की वरचे कडे सरकते. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की त्याचे कडे त्याच्याबरोबर आले आहे का, हे मी स्वतः पाहतो आणि बैठकीवरून बोट फिरवून खात्री करतो.

नव्या फिल्टरच्या कड्याला बोटाने ताज्या ऑईलचा हात द्यावा, कडे टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि त्यानंतर साधारण पाऊण फेरा आवळावे. नेमके किती ते फिल्टरच्या अंगावर छापलेले असते. पट्ट्याच्या पान्याने जोर लावून आवळणे ही गॅरेजमधली सवय आहे आणि ती चुकीची आहे. फिल्टर आधी ऑईलने भरून बसवावा की रिकामा, यावर मिस्त्री लोकांत दोन पंथ आहेत. पुस्तिका सांगेल तसे करावे, आणि भरायचाच असेल तर बाजूच्या बारीक छिद्रांतूनच भरावा. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेले ऑईल गाळले न जाता थेट बेअरिंगांकडे जाते.

चेंबरच्या नटाला नवा तांब्याचा वायसर घातला. काही रुपयांच्या या वस्तूसाठी जुना वायसर पलटून घालणारे पाहिले आहेत. दबलेला तांब्याचा वायसर पुन्हा तितका दबत नाही आणि थेंबथेंब गळती सुरू होते. नट पुस्तिकेतल्या मापाने, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर अंदाजाने मारलेल्या एका जास्तीच्या हिसक्यानेही आटे मरतात, आणि तो खर्च ऑईलच्या खर्चाहून मोठा असतो.

स्वच्छ नरसाळ्यातून आधी १२ लिटर ऑईल ओतले. इंजिन सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. दाबाचा काटा वर येईपर्यंत ते नुसते मंद चालू दिले. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो तो ऑईलच्या पातळ थराचाच. रिकाम्या नळ्या भरण्याआधी रेस केली तर पहिल्या काही सेकंदांतच त्याला इजा होते. तीन मिनिटांनी खाली वाकून नट आणि फिल्टर यांची गळती तपासली, इंजिन बंद केले, दहा मिनिटे थांबलो आणि मग पट्टीवर पाहत थोडेथोडे वाढवून पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून ठेवली. वरच्या खुणेच्या पुढे ऑईल गेले तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्यात बुडून फेस करतो, आणि फेसाळलेले ऑईल बेअरिंग धरू शकत नाही. म्हणून “अर्धा लिटर जास्त असू द्या” हा सल्ला ऐकू नये.

इंजिनाच्या ऑईलवर लक्ष देताना नव्या ट्रकच्या बाकीच्या गोष्टी राहून जातात, त्यांचा येथेच उल्लेख करतो. गिअरबॉक्स आणि क्राऊन (मागच्या धुरीतले दातेरी चक्र) यांच्या ऑईलचाही पहिला बदल पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो, कारण तेथेही दाते एकमेकांवर जमत असतात. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, पहिली तपासणी चुकवू नये. पहिल्या भाराच्या फेरीनंतर चाकांचे नट आणि पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे भाराखाली बसतात आणि बोल्ट सैल पडतात. आमच्या गाडीचे मागचे दोन यू-बोल्ट पहिल्याच फेरीनंतर चांगले पाव फेरा फिरले होते.

काढलेले ऑईल आमच्याकडे कोठे जाते ते सर्वांना माहीत आहे. कोणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतो, कोणी द्राक्षबागेच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतो, आणि उरलेले नाल्यात जाते. बागेची माती आणि विहिरीचे पाणी आपलेच आहे, हे ध्यानात घेऊन मी या वेळी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरले आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे माल पोचवणाऱ्या गॅरेजला दिले. वापरलेले ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा प्रक्रियेत आणण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. त्यामुळे असे घेणारे आता शोधले तर मिळतात. रिकाम्या डब्यांना मी तळाशी भोके पाडली. सीलबंद दिसणाऱ्या बनावट ऑईलचा धंदा आपल्याच अखंड डब्यांवर चालतो.

बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता, त्याचा अहवाल आठवड्याने आला. त्यात लोह, तांबे आणि सिलिकॉन तिन्ही चढे होते आणि शेजारी नव्या इंजिनासाठी हे सामान्य असल्याचा शेरा होता. तांबे ऑईल कूलरच्या नळ्यांतून सुटते आणि त्याने हानी होत नाही. सिलिकॉन बहुतेक जोडांच्या लेपातून येते. पण दुसऱ्या वेळीही ते तितकेच चढे राहिले तर एअर फिल्टरच्या नळीतून धूळ आत जात आहे असे समजावे. म्हणून एकाच अहवालावरून निष्कर्ष न काढता दुसऱ्या बदलाच्या वेळी पुन्हा नमुना पाठवायचे ठरवले.

तो दुसरा बदल वैशाखात, आणखी ५०० तास भरल्यावर, २२,७०० किलोमीटरला झाला. त्या दिवशीही गाडी त्याच कोब्यावर उभी केली आणि चेंबरचा नट आधी मी मागून घेतला. चुंबकावर या वेळी लेप असा नव्हताच. बोट फिरवल्यावर बोटाला जेमतेम राखाडी छटा लागली. अहवालात लोह निम्म्याहून खाली आले होते आणि सिलिकॉनही उतरले होते. मी तो दुसरा कागद पहिल्याच्या शेजारी फाइलला लावला, त्यावर तारीख, किलोमीटर आणि तास लिहिले आणि किल्ली खिशातून काढून चालकाच्या हाती दिली.